वहीत नसलेला रकाना

सरांनी वही आणली होती. दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची. पट्टीने रेघा मारून रकाने पाडलेले: तारीख, वेळ, वरचं बीपी, खालचं बीपी, नाडी, शुगर, शेरा. चार महिन्यांच्या नोंदी आणि एकही दिवस चुकलेला नाही. वय 58, पेशा भौतिकशास्त्राच्या शिक्षकाचा, मधुमेह 16 वर्षांचा. शेऱ्याच्या रकान्यात दर दोन-तीन दिवसांआड एकच शब्द: ‘घेरी’. त्या ओळींतलं बीपी पाहावं तर 142/86, 148/88, एकदा 138/84. म्हणजे कागदावर घेरी यायला काही कारणच नव्हतं.

वही चाळून झाल्यावर मी विचारलं, “सर, बीपी मोजता कसं?”

“खुर्चीत बसून, पाठ टेकून, पाच मिनिटं शांत थांबून. यंत्राच्या माहितीपत्रकात दिलंय तसंच.”

पद्धत बिनचूक होती. पण खुर्चीत बसलेलं असताना त्यांना घेरी कधीच आली नव्हती. घेरी यायची ती उठल्यावर, फळ्यापाशी उभं असताना, जिना चढून गेल्यावर. ती आली की सर आधी बसत, मग सावरत, मग यंत्र काढत, पाच मिनिटं थांबत आणि मोजत. तोवर घेरी निघून गेलेली असे आणि बीपी पूर्ववत झालेलं असे.

(हे प्रकरण एकाच माणसाचं नाही. सारख्या वाटेने आलेल्या काही रुग्णांच्या नोंदी एकत्र करून ते बेतलं आहे. आकडे अशा रुग्णांत मिळतात तसे आहेत.)

आमच्या प्रयोगशाळेत येण्याआधी सर चार ठिकाणी जाऊन आले होते. घेरी म्हणून कानाची तपासणी झाली, मग मानेचा एक्स-रे आणि पट्टा. कुणी सांगितलं शुगर उतरत असेल, म्हणून घेरी आली की गोड खायचं. त्याने घेरी थांबली नाही, शुगर मात्र वाढली. दवाखान्यात बसून मोजलेलं बीपी दीडशेच्या आसपास निघे, म्हणून बीपीची दुसरी गोळी सुरू झाली. रात्री चार-चारदा लघवीला उठावं लागतं, म्हणून प्रोस्टेटची गोळी. टाचांना भेगा, त्यावर मलम. प्रत्येकाने आपापल्या समोरच्या तक्रारीला रास्त उत्तर दिलं होतं. शिवाय सरांच्या पिशवीत एक चकचकीत रंगीत अहवाल होता. कुठल्याशा आरोग्य तपासणीत पाच मिनिटं पडून राहून काढलेला. त्यात हृदयाच्या ठोक्यांतल्या चढउतारावरून ‘ताण जास्त’ असा निष्कर्ष आणि खाली ध्यानधारणेचा सल्ला. ठोक्यांतले चढउतार मोजणं हे शास्त्र खरंच आहे, पण पडून असलेल्या माणसाचा पाच मिनिटांचा ईसीजी यंत्रात घालून बाहेर पडलेल्या एका टक्केवारीवरून निदान होत नाही. नाडी, बीपी, घाम, लघवी आपोआप सांभाळणाऱ्या स्वायत्त मज्जासंस्थेला काहीतरी काम द्यावं लागतं आणि ती ते कसं करते हे पाहावं लागतं. आमच्या सगळ्या चाचण्या एवढ्या एका कल्पनेवर उभ्या आहेत.

पहिलं काम साधं: उभं राहणं. माणूस उभा राहिला की 500 ते 800 मिलीलिटर रक्त पायांत आणि पोटात उतरतं. हृदयाकडे परतणारं रक्त घटतं, दाब खचू लागतो. मानेतल्या मोठ्या धमन्यांत आणि महाधमनीच्या कमानीत दाब ओळखणारे संवेदक असतात. ते मेंदूच्या तळाशी खबर देतात आणि काही सेकंदांत हुकूम सुटतात: हृदयाला आवर घालणाऱ्या व्हेगस मज्जातंतूने लगाम सैल करायचा, म्हणजे नाडी वाढेल, सिंपथेटिक तंतूंनी रक्तवाहिन्या आवळायच्या, म्हणजे दाब टिकेल. सुदृढ माणसाला यातलं काही जाणवतसुद्धा नाही.

सरांना खाटेवर दहा मिनिटं आडवं ठेवलं. मग दंडावर मोजलं: 164/92, नाडी 88. उभे राहिल्यावर एका मिनिटाला 128/78, नाडी 90. तिसऱ्या मिनिटाला 112/70, नाडी 92. सर म्हणाले, “कडांनी काळोख येतोय.” आम्ही लगेच बसवलं.

उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचं बीपी 20 किंवा खालचं 10 ने उतरलं की त्याला ऑर्थोस्टॅटिक हायपोटेन्शन म्हणायचं, हा 1996 पासूनचा सर्वमान्य निकष. आडवं असताना बीपी चढं असेल तर वरच्या आकड्यासाठी 30 ची घट धरावी, असं 2011 च्या सुधारित मांडणीत आलं. इथे घट 52 ची होती. पण मला दाबापेक्षा नाडी जास्त बोलकी वाटली. दाब 52 ने कोसळतोय आणि नाडी जेमतेम 4 ने वाढतेय. शरीरात पाणी कमी असतं किंवा नुसता औषधाचा परिणाम असता, तर नाडी धडधडत वर गेली असती. नाडीतली वाढ भागिले वरच्या बीपीतली घट हा भागाकार 0.5 पेक्षा कमी आला तर दोष मज्जातंतूंचा असण्याची शक्यता जास्त, असं 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवलं. सरांचा भागाकार 0.08. (नाडी रोखून धरणारी बीटा-ब्लॉकरसारखी गोळी चालू असेल तर हा हिशेब लावू नये. सरांना ती नव्हती.)

बीपीचं यंत्र, खाट आणि घड्याळ एवढ्यावर हे निघालं. टिल्ट टेबल आमच्याकडे आहे, या रुग्णासाठी ते वापरलं नाही. ज्याला उभं राहून कळतं त्याला पट्ट्यांनी बांधून 70 अंशांत कलवायची गरज नसते. उभं राहणं जमत नसेल, बीपी तीन मिनिटांनंतर उतरत असेल किंवा अचानक शुद्ध हरपत असेल आणि उभं राहून काही सापडत नसेल, तेव्हा ते टेबल कामाचं.

इथवर सगळं सरळ होतं आणि इथेच मी घसरलो. त्याच दिवशी पुढच्या दोन चाचण्या उरकल्या, अहवाल लिहायला घेतला. आमच्या तंत्रज्ञ ताईंनी औषधांची यादी पुन्हा विचारली, कारण यादीत प्रोस्टेटची गोळी दिसत नव्हती. सर म्हणाले, “ती बीपीची नाही ना, म्हणून नाही लिहिली.” गोळी टॅमसुलोसिनची निघाली, आदल्या रात्रीच घेतलेली. ही गोळी प्रोस्टेट आणि मूत्राशयाच्या तोंडाशी असलेले स्नायू सैल करते, पण तिचा गट अल्फा-ब्लॉकरचा. रक्तवाहिन्या आवळणाऱ्या हुकमाच्या वाटेत तीही थोडीफार बसते. त्यात सरांनी सकाळी कॉफीही घेतली होती. म्हणजे 52 च्या घसरणीत मज्जातंतूंचा वाटा किती आणि गोळीचा किती, हे मला सांगता येणार नव्हतं. अहवाल रद्द केला. यादी विचारताना मी “बीपीची कुठली औषधं?” असं विचारलं होतं. हल्ली “कुठलीही गोळी, थेंब, मलम, चूर्ण” असं विचारतो.

गोळी थांबवण्याआधी लघवीच्या डॉक्टरांशी बोललो, आणि त्यांनी एक सोपी गोष्ट केली: लघवी करून आल्यावर पोटावरून सोनोग्राफी. प्रोस्टेट वयाच्या मानाने फारसं वाढलेलं नव्हतं, पण मूत्राशयात 180 मिलीलिटर लघवी तशीच शिल्लक. मूत्राशय भरल्याची जाणीव आणि रिकामं करण्याचा जोर, दोन्ही स्वायत्त तंतूंवर चालतं. तेव्हा दोष बहुधा प्रोस्टेटचा नसून तंतूंचा होता. ज्या आजाराने लघवीची तक्रार झाली, त्याच आजाराने ती गोळी धोक्याची केली होती. गोळी बंद झाली, ठरावीक वेळी लघवीला जाण्याची सवय सुरू झाली.

आठवड्याने सर पुन्हा आले. कॉफी नाही, तंबाखू त्यांना नव्हतीच, पोट हलकं, खोली ना गार ना उकाड्याची. आडवं असताना 170/94, नाडी 90. उभं राहून तिसऱ्या मिनिटाला 134/80, नाडी 95. घट 36, भागाकार 0.14. गोळीचा वाटा होता, पण मूळ दुखणं गोळीचं नव्हतं. आणि निवांत पडलेल्या माणसाची नाडी 90 हीदेखील एक खूण आहे. लगाम धरणारा व्हेगस ढिला पडला की नाडी विश्रांतीतही चढी राहते.

आता उरलेल्या चाचण्या. एडिंबराच्या डेव्हिड यूइंग यांनी 1970 आणि 80 च्या दशकांत मधुमेहींसाठी पाच चाचण्यांचा संच रूढ केला. आजही बहुतेक प्रयोगशाळा त्याच्याच आधारे चालतात. त्यातली मूठ आवळून धरण्याची चाचणी मी बहुधा वगळतो. तिचा निकाल आधीच्या बीपीनुसार आणि रुग्णाच्या चिकाटीनुसार फार हलतो.

दीर्घ श्वसनाची चाचणी मात्र मला फार आवडते. मिनिटाला सहा श्वास, पाच सेकंद आत, पाच सेकंद बाहेर, आणि ईसीजी चालू. श्वास घेताना नाडी वाढते, सोडताना उतरते. हा झोका व्हेगसच्या हातचा. तरुणांत दोन टोकांतला फरक मिनिटाला 15 ठोक्यांहून जास्त असतो, वयानुसार तो घटतो, म्हणून निकाल वयाच्या तक्त्यातच वाचायचा. सरांचा फरक 4 ठोके. पडद्यावरची रेघ जवळजवळ सपाट. सर मान वळवून पडदा पाहत होते. म्हणाले, “आयाम संपलाय.” आयाम म्हणजे झोक्याची उंची, मी एवढ्या नेमक्या शब्दांत सांगितलं नसतं.

मग वालसाल्वा. अंतोनियो मारिया वालसाल्वा हे इटालियन शरीररचनातज्ज्ञ. कानाबद्दलच्या त्यांच्या 1704 च्या ग्रंथामुळे ही कृती त्यांच्या नावावर आली. नळीत फुंकून 40 मिलिमीटर पाऱ्याचा दाब 15 सेकंद टिकवायचा आणि सोडून द्यायचं. ही चाचणी मी पहिल्या दिवशी मुद्दाम ठेवली नव्हती. मधुमेहात डोळ्याच्या पडद्यावर नाजूक नव्या रक्तवाहिन्या फुटल्या असतील तर अशा जोराने तिथे रक्तस्राव होऊ शकतो. डोळ्यांचा अहवाल हातात आल्यावरच नळी पुढे केली. तशा वाहिन्या नव्हत्या.

पहिला प्रयत्न फुकट गेला. काटा 40 वर गेला खरा, पण सरांचे गाल फुगले होते. ताई म्हणाल्या, “सर, गालांनी नको, छातीतून जोर लावा. नळीला बारीक छिद्र ठेवलंय, हवा थोडी निसटत राहील, तुम्ही दाब राखायचा.” छिद्र त्यासाठीच असतं. ते नसेल तर माणूस घसा बंद करून नुसत्या तोंडाच्या हवेवर काटा धरून ठेवतो, छातीत काहीच घडत नाही आणि आकडे मात्र मिळतात. दुसऱ्या वेळी गळ्याच्या शिरा तटतटल्या, चेहरा लाल झाला. जमलं.

या वेळी बोटाला एक छोटा पट्टा बांधलेला होता. त्याबद्दल थोडं सांगतो, कारण सरांनी त्यावरच सर्वांत जास्त प्रश्न विचारले. चेक शरीरक्रियाशास्त्रज्ञ यान पेन्याझ यांनी 1973 मध्ये मांडलेली ही पद्धत. पट्ट्यात अवरक्त प्रकाशाचा दिवा आणि संवेदक असतो, त्यातून बोटातल्या धमनीचा फुगवटा कळतो. धमनी जरा फुगू लागली की यंत्र पट्ट्यातली हवा तत्काळ वाढवतं, आक्रसली की घटवतं, म्हणजे धमनीचा आकार कायम तोच. मग पट्ट्यातला दाब म्हणजेच धमनीतला दाब, ठोक्यागणिक. सुई नाही, धमनीत नळी नाही. सर म्हणाले, “म्हणजे तराजू. पारडं हलू द्यायचं नाही आणि किती वजन टाकावं लागलं ते लिहायचं.” तंतोतंत तेच.

ठोक्यागणिक दाब दिसल्याशिवाय वालसाल्वाचं खरं सार हाती लागत नाही. जोर लावला की दाब आधी क्षणभर चढतो, मग रक्त परत येत नाही म्हणून उतरतो. सुदृढ माणसात जोर चालू असतानाच रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि उतरण थांबून रेघ पुन्हा वर वळते. जोर सोडल्यावर दाब किंचित खाली जाऊन मूळ पातळीच्याही वर उसळी मारतो, आणि त्या उसळीला उत्तर म्हणून नाडी मंदावते. सरांच्या आलेखात वळण नव्हतं. पंधराही सेकंद रेघ नुसती उतरत गेली. सोडल्यावर उसळी नाही. दाब मूळ जागी यायला बारा सेकंद लागले. ठोक्यांमधलं सर्वांत लांब अंतर भागिले सर्वांत छोटं, हे गुणोत्तर 1.06. यूइंग यांच्या मापाने 1.21 च्या पुढे ठीक, 1.10 किंवा त्याखाली बिघाड. नाडी पाहणारे तंतू आणि रक्तवाहिन्या पाहणारे तंतू, दोन्ही गेलेले.

हा मधुमेहच की आणखी काही, हा प्रश्न विचारायलाच हवा होता. हालचालीतला मंदपणा, कंप, वास न येणं, झोपेत हातपाय झाडणं, म्हणजे पार्किन्सनच्या वळणाचं काही सापडलं नाही. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत बी-12 घटतं आणि तेही मज्जातंतूंना बाधतं. सरांचं खालच्या कडेला होतं, ते भरून काढायला घेतलं.

आता पाय. मधुमेहात सर्वांत लांब तंतू आधी जातात, म्हणून पावलं पाहिल्याशिवाय हे प्रकरण पुरं होत नाही. हात-पाय धातूच्या पट्ट्यांवर ठेवून घामग्रंथींची विद्युतवाहकता मोजली, दोन-तीन मिनिटांचं काम. हातांचा आकडा 66 मायक्रोसीमेन्स, पावलांचा 38. हात शाबूत, पावलं कोरडी; टाचांच्या भेगांचा उगम इथे.

सरांची पावलं उबदार होती. आडवं झोपूनही पावलावरच्या शिरा टपोऱ्या, नाडी बोटाखाली ठणठणीत. शिकाऊ डॉक्टरने नोंदीत लिहिलं, ‘रक्तपुरवठा उत्तम.’ घोट्याचं बीपी आणि दंडाचं बीपी यांचं गुणोत्तर काढलं तर तेही दणदणीत: दंडाला 168, उजव्या घोट्याला 248, गुणोत्तर 1.48, डाव्या घोट्याला 1.44. 0.90 च्या खाली म्हणजे पायाच्या धमन्या अरुंद, हे सगळे शिकतात. वरच्या टोकाचं शिकवलेलं पटकन विसरतं. 1.40 च्या पुढे गेलं की ते गुणोत्तर चांगलं नसतं, निरुपयोगी असतं. धमनीच्या मधल्या थरात कॅल्शियम साचून ती नळासारखी कडक झालेली असते, पट्टा फुगवला तरी दबत नाही, आणि आकडा उगाच चढतो. ऊब फसवी निघण्याचं कारणही तंतूंचंच. त्वचेतल्या धमनी-शिरांमधल्या आडवाटा सिंपथेटिक तंतू बंद ठेवतात. तंतू गेले की त्या सताड उघडतात, रक्त त्वचेच्या केशवाहिन्यांना बगल देऊन शिरांत पळतं. पाय उबदार, शिरा भरलेल्या, पण पेशींना मिळायचं ते मिळेलच असं नाही.

म्हणून अंगठ्याचं बीपी घेतलं. तिथल्या धमन्या सहसा अशा कडक होत नाहीत. छोटा पट्टा, टोकाला प्रकाशाचा संवेदक, पाय आधी पांघरुणात गरम केलेले, नाहीतर थंडीने वाहिन्या आवळून आकडा खोटाच कमी येतो. उजव्या अंगठ्याला 92, गुणोत्तर 0.55, डाव्याला 0.66. 0.70 च्या खाली म्हणजे धमन्यांचा आजार आहे. रक्तप्रवाह ध्वनिलहरींनी टिपणाऱ्या डॉप्लरवरही उजव्या घोट्याची लाट तीन टप्प्यांची न राहता एकाच बोथट उंचवट्याची होती; ती नुसती ऐकूनही कळते, सपकन येणारा आवाज जाऊन लांबट फुस्स उरते. पायावर जखम नव्हती, म्हणून त्वचेतला ऑक्सिजन मोजायची चाचणी लांबणीवर टाकली. शिकाऊ डॉक्टरची ओळ मी खोडली नाही. खाली आकडे लिहिले आणि त्याला दाखवले.

शेवटी 24 तासांचा बीपी मॉनिटर. दिवसाची वरची सरासरी 136, रात्रीची 168. झोपेत बीपी उतरायला हवं, इथे उलट. आडवं पडलं की दाब चढतो, चढलेल्या दाबाने मूत्रपिंडं मीठ आणि पाणी बाहेर ढकलतात, म्हणून रात्री चारदा लघवी; पहाटेपर्यंत शरीर पाण्याने रितं, आणि त्याच अवस्थेत माणूस झटकन उठून न्हाणीघराकडे चालतो. सर एकदा पडलेही होते, ते असेच पहाटे सव्वाचारला, न्हाणीघराच्या दारात.

उपचार या लेखाचा विषय नाही, तरी थोडक्यात: बीपीची सकाळची गोळी बंद, एकच कमी वेळ टिकणारी गोळी झोपताना. पलंगाची डोक्याकडची बाजू ठोकळ्यांवर 15 सेंटीमीटर उचललेली. उठण्याआधी दोन मोठे पेले, म्हणजे अर्धा लिटर पाणी झटपट प्यायचं. त्याने काही मिनिटांत दाब चढू लागतो आणि अर्ध्या-पाऊण तासात सर्वाधिक असतो. उभं राहताना पोटाला पट्टा, फळ्यापाशी पायांवर पाय आवळून उभं राहायचं. दिवसा आडवं पडायचं नाही. अशा रुग्णांना छातीत न दुखताही हृदयविकाराचा झटका येऊ शकतो, म्हणून हृदयाची तपासणीही करून घेतली. पुढे कधी भूल द्यायची वेळ आली तर भूलतज्ज्ञाला दाखवायला अहवालाची एक प्रत वेगळी दिली.

तीन महिन्यांनी सर आले. आडवं 154/86, उभं तीन मिनिटांनी 126/76. घट अजून 28 ची, निकष 30 च्या उंबरठ्यावर. श्वसनाचा झोका तेवढाच, 4. ते तंतू परत येतील असं मी त्यांना सांगितलेलं नाही. रात्रीची लघवी चारवरून दोनवर. घेरी दोनदा, दोन्ही वेळा पाणी प्यायचं राहून गेलं होतं.

वही तीच होती, पण नव्या पानावर रेघा वेगळ्या मारलेल्या. बीपीचे रकाने आता तीन जोड्यांत: झोपून, उभं 1 मिनिट, उभं 3 मिनिटं. मधल्या एका ओळीवर माझं बोट थांबलं. पहाटे 4:10. झोपून 158/88. पलंगाच्या कडेला बसलो, 2 मिनिटं. उभा, 122/74. शेऱ्यात लिहिलं होतं: ‘गेलो, आलो.’